विजेची चाहूल घेणारी उपकरणे आणि उघड्या माळावरील माणूस : साक्री तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मानवाने आपल्या रक्षणासाठी जी साधने निर्माण केली त्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार आघात अडविणाऱ्या साधनांचा होय. ढाल, तटबंदी, शिरस्त्राण ही त्याची उदाहरणे. दुसरा प्रकार आघाताची आगाऊ चाहूल घेणाऱ्या साधनांचा होय. खाणीतील विषारी वायूची जाणीव करून देणारा दिवा, धूर ओळखून घंटा वाजविणारे यंत्र, विद्युत्‌प्रवाहाची गळती होताच वाहिनी तोडणारे उपकरण ही या दुसऱ्या प्रकारातील साधने आहेत. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉनिक्स या शाखेचा विकास झाल्यामुळे या दुसऱ्या प्रकाराला विलक्षण गती मिळाली. जे डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही आणि त्वचेला जाणवत नाही ते संवेदक उपकरणांना जाणवू लागले.

या उपकरणांच्या इतिहासाकडे बहुधा शोधांचा इतिहास म्हणून पाहिले जाते. कोणी, केव्हा, काय शोधले याची नोंद त्यात असते. परंतु त्या शोधाने प्रथम कोणाचे रक्षण झाले आणि कोणाला त्यासाठी थांबावे लागले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात आकाशातील विजेची चाहूल घेणाऱ्या उपकरणांच्या संदर्भात हा प्रश्न मांडला आहे. त्यासाठी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याची पार्श्वभूमी घेतली आहे, कारण उघड्या माळावर, शेतात आणि डोंगरउतारावर दिवस काढणाऱ्या माणसांचा हा तालुका आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) विजेची चाहूल घेणाऱ्या उपकरणांच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
२) या उपकरणांचा लाभ कोणत्या क्रमाने कोणत्या घटकांना मिळाला हे पाहणे.
३) महाराष्ट्रात, विशेषतः पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, या क्षेत्रात झालेल्या कार्याचा परामर्श घेणे.
४) साक्रीसारख्या ग्रामीण व आदिवासीबहुल तालुक्यात या उपकरणांची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

विजेची चाहूल घेण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले होते. तरीही ते सामान्य शेतमजुराच्या हाती पोहोचण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. हा विलंब केवळ तांत्रिक नसून सामाजिक प्राधान्यक्रमाचाही आहे, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

साक्री तालुका : भूगोल आणि विजेचे संकट :

ब्रिटिश काळात पिंपळनेर तालुका म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन झाल्यानंतर पश्चिम खानदेश जिल्ह्यात आला. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. साक्री तालुका मात्र धुळे जिल्ह्यातच राहिला. पांझरा व कान या नद्या या तालुक्यातून वाहतात. पश्चिमेस सह्याद्रीच्या डोंगररांगा व आदिवासींचे पाडे, तर पूर्वेस कोरडवाहू माळ आणि बागायती पट्टे असे त्याचे रूप आहे. भिल्ल, कोकणा, मावची इत्यादी आदिवासी समाज तसेच मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडणारा ठेलारी समाज यांचे जीवन उघड्या आकाशाशी बांधलेले आहे.

महाराष्ट्रात विजांचा कडकडाट प्रामुख्याने दोन काळांत होतो. एक म्हणजे मान्सूनपूर्व वळिवाचा काळ आणि दुसरा म्हणजे पावसाच्या परतीचा, हस्त-चित्रा नक्षत्रांचा काळ. भर पावसाळ्यातील संततधारेत विजा तुलनेने कमी असतात. दुर्दैवाने हे दोन्ही काळ शेतीकामाच्या लगबगीचे असतात. उन्हाळ कांद्याची काढणी व साठवण, पेरणीपूर्व मशागत, चाऱ्याची आवराआवर ही कामे पहिल्या काळात येतात. बाजरी व मक्याची कापणी-खुडणी दुसऱ्या काळात येते. वादळ दिसू लागले की उघड्यावरचा माल झाकण्यासाठी माणसे घराकडे न जाता शेताकडे धावतात. ज्या क्षणी आडोसा घ्यावा त्याच क्षणी माणूस उघड्यावर असतो, हे या संकटाचे खरे स्वरूप आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार भारतात वीज पडून २०२० मध्ये २,८६२, २०२१ मध्ये २,८८० आणि २०२२ मध्ये २,८८७ व्यक्तींचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये नैसर्गिक कारणांनी झालेल्या एकूण ८,०६० मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू केवळ विजेमुळे झाले. पूर किंवा भूकंप यांप्रमाणे हे मृत्यू एका ठिकाणी, एका दिवशी होत नाहीत. एका शिवारात एक, दुसऱ्या शिवारात दोन असे ते विखुरलेले असतात. त्यामुळे त्यांची बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एका परिच्छेदात संपते आणि त्यांचा एकत्रित आकडा समाजाच्या मनावर उमटत नाही.

लोकसमजुती आणि त्यांतील निरीक्षण :

विजेविषयी महाराष्ट्रात अनेक समजुती रूढ आहेत. पायाळू, म्हणजे जन्मताना प्रथम पाय बाहेर आलेल्या व्यक्तीवर वीज पडते, ही त्यांतील सर्वाधिक प्रचलित समजूत होय. या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. मात्र तिच्यामुळे एक सामाजिक परिणाम घडतो. ज्याच्यावर वीज पडली त्याच्याच जन्मात कारण शोधले जाते आणि तो कोठे उभा होता, का उभा होता, हा प्रश्न मागे पडतो. वीज पडलेल्या व्यक्तीच्या शरीरात वीज शिल्लक राहते, म्हणून तिला स्पर्श करू नये, हा समजही असाच घातक आहे. वास्तविक अशा शरीरात कोणताही विद्युत्‌भार उरत नाही. हृदय व श्वसन थांबलेल्या व्यक्तीस तत्काळ छातीदाब व कृत्रिम श्वासोच्छ्वास दिल्यास ती वाचू शकते.

दुसरीकडे, लोकजीवनात काही अचूक निरीक्षणेही आहेत. वीज चमकल्यानंतर गडगडाट किती वेळाने ऐकू येतो यावरून वादळ जवळ की दूर हे गुराखी ओळखतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्यामुळे चमक व गडगडाट यांत तीन सेकंदांचे अंतर असल्यास वीज सुमारे एक किलोमीटरवर असते. हे अंतर तीस सेकंदांहून कमी असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि आडोसा घेण्याची वेळ आली आहे, असा नियम आधुनिक सुरक्षाशास्त्रानेही स्वीकारला होता. म्हणजेच डोळा आणि कान ही विजेची पहिली संवेदक साधने होत. परंतु त्यांची मर्यादा अशी की ती पहिली चमक झाल्यानंतरच काम करतात. ती पहिलीच वीज माणसाजवळ पडली तर ही साधने निरुपयोगी ठरतात.

घंटेपासून कोहिररपर्यंत (इ. स. १७५२ ते १८९५) :

आकाशातील वीज ही विद्युत्‌ आहे हे अठराव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झाले. १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली येथे दालिबार याच्या प्रयोगात लोखंडी दांड्याद्वारे ढगातील विद्युत्‌भार प्रथम खाली आणला गेला. या प्रयोगाची कल्पना बेंजामिन फ्रँकलिन याची होती. त्याच वर्षी फ्रँकलिनने फिलाडेल्फिया येथील आपल्या घरात दोन लहान घंटा बसविल्या. एक घंटा छतावरील दांड्याला व दुसरी जमिनीला जोडलेली होती आणि दोहोंच्या मध्ये रेशमी धाग्यावर एक लोलक टांगलेला होता. ढग भारित होऊन डोक्यावर आला की लोलक आपोआप हेलकावे घेई व घंटा वाजू लागत. विजेची चाहूल देणारे हे पहिले घरगुती उपकरण म्हणता येईल. फ्रँकलिन इंग्लंडात असताना या घंटांच्या आवाजाने त्याची पत्नी भयभीत होई आणि त्यावर घंटा एका तारेने जोडून आवाज बंद करण्याचा उपाय त्याने कळविला. इशारा देणाऱ्या यंत्राचा त्रास वाटून ते बंद करण्याची प्रवृत्ती अशा यंत्राइतकीच जुनी आहे, हे येथे लक्षात येते.

या प्रयोगांची किंमतही मोजावी लागली. ६ ऑगस्ट १७५३ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे जॉर्ज विल्हेल्म रिखमान हा शास्त्रज्ञ ढगातील विद्युत्‌ मोजत असताना विजेच्या आघाताने मृत्यू पावला. त्याच्या दांड्याला जमिनीकडे जाणारा सुरक्षित मार्ग नव्हता. चाहूल घेणारे साधन आणि रक्षण करणारे साधन यांत किती अंतर असते हे या घटनेने दाखवून दिले.

पुढील शतकभर लक्ष राहिले ते वीजरोधक दांड्याकडे. त्याचा लाभ प्रथम मोठ्या इमारती, चर्चचे मनोरे आणि दारूगोळ्याची कोठारे यांना मिळाला. १७६९ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे वीज पडून दारूगोळ्याच्या साठ्याचा भीषण स्फोट झाला आणि त्यानंतर युरोपातील सत्तांना या दांड्याचे महत्त्व पटले. १८४० च्या दशकात विल्यम स्नो हॅरिस याच्या प्रयत्नांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर कायमस्वरूपी वीजवाहक बसविले गेले.

विजेची दूरवरून चाहूल घेण्याचे तंत्र मात्र विद्युत्‌चुंबकीय लहरींच्या शोधानंतरच शक्य झाले. वीज चमकते तेव्हा प्रकाशाबरोबरच रेडिओ लहरीही बाहेर पडतात. फ्रान्समधील एदुआर ब्रान्ली याने १८९० मध्ये असे दाखविले की धातूचा कीस भरलेल्या काचेच्या नळीजवळ विद्युत्‌ ठिणगी पडली की त्या किसाचा विद्युत्‌रोध एकदम कमी होतो. या नळीलाच पुढे कोहिरर हे नाव मिळाले. रशियातील अलेक्झांडर पोपोव्ह याने ७ मे १८९५ रोजी या नळीवर आधारित उपकरणाचे प्रात्यक्षिक केले आणि त्याच उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्गच्या वनसंस्थेतील वेधशाळेत ते वादळाची नोंद घेण्यासाठी बसविले. दूर अंतरावरील विजांची नोंद ते करू शके. रेडिओचा पूर्वज म्हणून प्रसिद्ध असलेले हे यंत्र मुळात विजेची चाहूल घेणारे यंत्र होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

याच वर्षी कलकत्ता येथे जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरींच्या साहाय्याने दूर अंतरावरील घंटा वाजविण्याचा व दारू उडविण्याचा जाहीर प्रयोग केला. त्यांनी पुढे गॅलिना स्फटिकाचा वापर करून लहरी ओळखणारा संवेदक तयार केला व २९ मार्च १९०४ रोजी त्यास अमेरिकेत एकस्व मिळाले. अर्धवाहक पदार्थावर आधारित संवेदकाचे ते जगातील अगदी आरंभीचे एकस्व होय. अशा प्रकारे विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतासह जगाकडे विजेची चाहूल घेण्यासाठी आवश्यक असलेले मूलभूत ज्ञान उपलब्ध होते.

संरक्षणाचा क्रम : वैमानिक, जंगले, वाहिन्या आणि अग्निबाण :

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या हवामान खात्यात रुजू झालेल्या रॉबर्ट वॉटसन-वॅट याच्यापुढे वैमानिकांना वादळाचा इशारा देण्याचा प्रश्न होता. विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरींची दिशा शोधून वादळाचे स्थान ठरविण्याची पद्धत त्याने विकसित केली आणि १९२० च्या दशकात त्यासाठी कॅथोड किरण नलिकेचा वापर केला. या अनुभवाचा उपयोग पुढे १९३५ नंतरच्या रडार संशोधनात झाला.

या विषयातील पुढचा मोठा टप्पा अमेरिकेतील आहे. १९७० च्या दशकात फिलिप क्रायडर, मार्टिन उमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी ढगातून जमिनीवर येणारी वीज तिच्या लहरीच्या विशिष्ट आकारावरून ओळखणारा संवेदक तयार केला. त्याचा प्रारंभीचा वापर जंगलातील वणवे लवकर शोधण्यासाठी झाला. त्यानंतर वीजवाहिन्यांचे रक्षण करू पाहणाऱ्या विद्युत्‌ उद्योगाने त्याच्या विस्तारास साहाय्य केले आणि १९८९ पर्यंत संपूर्ण अमेरिकेस व्यापणारे जाळे उभे राहिले. दरम्यान १४ नोव्हेंबर १९६९ रोजी उड्डाणानंतर लगेच अपोलो-१२ या यानावर वीज कोसळली. या घटनेनंतर अग्निबाणांच्या उड्डाणस्थळी जमिनीजवळील विद्युत्‌क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रांचे महत्त्व वाढले. वीज पडण्यापूर्वीच ढगातील भार वाढत असल्याची सूचना ही यंत्रे देतात.

हा क्रम लक्षपूर्वक पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. प्रथम दारूगोळा, नंतर जहाजे, त्यानंतर वैमानिक, मग इमारती लाकडाची जंगले, वीजवाहिन्या आणि अग्निबाण यांचे रक्षण झाले. ज्याच्या नुकसानीचा हिशोब मांडता येतो त्याच्याकडे उपकरण आधी गेले. ज्याच्या मृत्यूने कोणत्याही हिशोबवहीत तूट दिसत नाही असा उघड्या शेतातील मजूर या क्रमात शेवटी आला. यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणता येणार नाही; परंतु संशोधनाला पैसा कोठून येतो यावर त्याची दिशा ठरते, हे मात्र नाकारता येत नाही.

साक्री तालुक्यातच याचे एक बोलके उदाहरण पाहावयास मिळते. तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या संख्येने पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तर शिवाजीनगर येथे २०१३ मध्ये महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅट क्षमतेचा सौर ऊर्जा प्रकल्प कार्यान्वित झाला. आधुनिक पवनचक्कीच्या पात्यांत वीजग्राहक बिंदू व वाहक बसविलेले असतात आणि आघाताचा प्रवाह मनोऱ्यातून जमिनीत नेण्याची व्यवस्था असते. त्याच पठारावर मेंढ्या चारणाऱ्या माणसासाठी मात्र अशी कोणतीही व्यवस्था रचनेचा भाग म्हणून येत नाही. यंत्राचे रक्षण यंत्राबरोबरच विकत मिळते, माणसाचे रक्षण वेगळे योजावे लागते.

ट्रान्झिस्टर : हाती असूनही न ओळखलेला संवेदक :

या इतिहासातील एक दुर्लक्षित दुवा येथे नोंदविणे आवश्यक आहे. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये लागला आणि १९६० नंतर ट्रान्झिस्टर रेडिओ भारताच्या खेड्यापाड्यांत पोहोचू लागला. मध्यम लहरींवरील कार्यक्रम शेतात, मळ्यात, गुरांमागे ऐकले जाऊ लागले. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात दूरवर वीज चमकताच ‘खरखर’ असा आवाज मिसळतो. वादळ जवळ येईल तशी ही खरखर वाढत जाते. म्हणजेच बांधावर ठेवलेला ट्रान्झिस्टर हे पोपोव्हच्या यंत्राचेच सुधारित रूप होते आणि आकाश निरभ्र दिसत असतानाही तो वादळाची वर्दी देत होता.

मात्र ही खरखर म्हणजे इशारा आहे असे शेतकऱ्याला कोणी व्यवस्थितपणे शिकविले नाही. तो तिला प्रक्षेपणातील दोष समजून रेडिओ बंद करीत असे किंवा त्याची दिशा बदलून पाहत असे. पुढे एफएम प्रक्षेपण व भ्रमणध्वनी आले. एफएम पद्धतीत विजेचा हा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. श्रवणाचा दर्जा सुधारला आणि त्याबरोबर एक नैसर्गिक इशाराही नाहीसा झाला. उपकरण हाती असणे आणि त्याची भाषा कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा या उदाहरणातून मिळतो.

पुणे येथील कार्य आणि ‘दामिनी’ :

महाराष्ट्रात हवामान निरीक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली. पुणे येथे १७ नोव्हेंबर १९६२ रोजी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची स्थापना झाली आणि १९७१ मध्ये तिला स्वायत्त दर्जा मिळाला. वातावरणीय विद्युत्‌ हा या संस्थेच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय राहिला आहे. ढगांचे विद्युत्‌भारण, गडगडाटी वादळांची रचना आणि विजेची मोजणी यांवर येथील शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ काम केले.

२०१४ च्या सुमारास या संस्थेने महाराष्ट्रात सुमारे २० संवेदकांचे जाळे उभारले. पुढे हे जाळे देशभर विस्तारत गेले व त्यातील संवेदकांची संख्या ८० च्या पुढे गेली. या जाळ्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. वीज चमकताच निघालेली रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर, सर्व दिशांना जाते. वेगवेगळ्या ठिकाणच्या संवेदकांपर्यंत ती किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचते. प्रत्येक संवेदकातील घड्याळ उपग्रहाच्या साहाय्याने अचूक जुळविलेले असते. या सूक्ष्म कालफरकांवरून पुणे येथील मध्यवर्ती संगणक विजेचे स्थान निश्चित करतो. ढगाच्या अंतर्भागात चमकणाऱ्या विजाही या जाळ्याला ओळखता येतात. अनेक वादळांत ढगातील विजा जमिनीवर पडणाऱ्या विजांच्या काही मिनिटे आधी सुरू होतात. म्हणून त्यांची नोंद हा खरा आगाऊ इशारा ठरतो.

या माहितीच्या आधारे संस्थेने ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन विकसित केले. भ्रमणध्वनीधारकाच्या स्थानापासून २० व ४० किलोमीटर परिघात विजा होत असल्यास ते इशारा देते आणि कोणती काळजी घ्यावी हेही सांगते. येथे एक ऐतिहासिक वर्तुळ पूर्ण झालेले दिसते. वादळाची चाहूल घेण्यासाठी निर्माण झालेल्या यंत्रातून रेडिओ, रेडिओतून भ्रमणध्वनी आणि भ्रमणध्वनीतून पुन्हा विजेची चाहूल असा हा प्रवास आहे.

याच काळात दुसऱ्या दिशेनेही प्रयत्न झाले. ऑस्ट्रियातील एका कंपनीने २०१२ च्या सुमारास विजेची लहर ओळखणारी एक अतिशय लहान इलेक्ट्रॉनिक चकती बाजारात आणली. सुमारे ४० किलोमीटरपर्यंतच्या वादळाचे अंतर ती १४ टप्प्यांत दाखवू शकते. तिला फ्रँकलिनचेच नाव देण्यात आले. अशा संवेदकामुळे जाळ्यावर व भ्रमणध्वनी संपर्कावर अवलंबून नसलेले, खिशात मावणारे उपकरण तयार करणे शक्य झाले. तथापि मोटारींचे प्रज्वलन, विद्युत्‌ पंपांचे चालक यांच्या लहरींमुळे असे एकटे उपकरण फसू शकते. अनेक संवेदकांच्या जाळ्याइतकी विश्वसनीयता त्यास नसते.

मर्यादा आणि विचारार्थ प्रश्न :

पहिली मर्यादा संपर्काची आहे. इशारा पोहोचण्यासाठी स्मार्टफोन, त्यातील विद्युत्‌भार, इंटरनेट आणि लहरींचा आवाका या चारही गोष्टी एकाच वेळी लागतात. डोंगराच्या कुशीतील पाड्यावर, वादळात वीजपुरवठा खंडित झालेला असताना, या चारांपैकी एक जरी निखळली तरी साखळी तुटते. घरात एकच फोन असेल तर तो बहुधा पुरुषाकडे असतो; निंदणी-खुडणी करणाऱ्या स्त्रिया आणि गुरांमागे गेलेली मुले इशाऱ्याच्या कक्षेबाहेर राहतात. या दृष्टीने केंद्र शासनाने विकसित केलेली सेल ब्रॉडकास्ट पद्धती आशादायक आहे. २०२३ मध्ये तिचे चाचणी इशारे देशभरातील भ्रमणध्वनींवर वाजले. तीत इंटरनेट किंवा वेगळे उपयोजन आवश्यक नसते.

दुसरी मर्यादा मजुरीची आहे. इशारा मिळाला तरी काम सोडण्याचा अधिकार मजुराकडे असतोच असे नाही. अर्धा दिवस बुडाला तर मजुरी कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर कोणतेही संवेदक उपकरण देऊ शकत नाही. त्यातच आलेल्या प्रत्येक इशाऱ्यानंतर वीज पडतेच असे नाही. दोन-तीन इशारे फुकट गेले की चौथ्याकडे दुर्लक्ष होते.

तिसरी व सर्वांत मूलभूत मर्यादा आडोशाची आहे. विजेमुळे होणाऱ्या हानीचा अभ्यास असे सांगतो की थेट अंगावर वीज पडून होणाऱ्या हानीचे प्रमाण अवघे ३ ते ५ टक्के असते. निम्म्याहून अधिक हानी वीज जवळपास पडून जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहामुळे, तर सुमारे एक तृतीयांश हानी झाडासारख्या उंच वस्तूवरून माणसावर उडी घेणाऱ्या प्रवाहामुळे होते. म्हणून बाभूळ, आंबा किंवा महू यांच्या झाडाखाली घेतलेला आसरा हा आसरा नसून सापळा असतो. पाचटाची किंवा पत्र्याची उघडी झोपडीही सुरक्षित नसते. पक्क्या भिंतींची, वीजवाहिन्या व नळ यांमुळे जमिनीशी जोडली गेलेली इमारत किंवा बंद धातूचे वाहन हेच खरे आडोसे होत. ‘सुरक्षित ठिकाणी जा’ असा इशारा मिळाल्यावर पायी दहा मिनिटांच्या अंतरात असे ठिकाणच नसेल तर त्या इशाऱ्याचा अर्थ उरत नाही.

शासकीय पातळीवर महाराष्ट्राने वीज पडणे या घटनेचा समावेश राज्यस्तरीय मदतपात्र आपत्तींत केला असून मृताच्या वारसांना चार लाख रुपयांचे साहाय्य दिले जाते. ही मदत आवश्यक आहे. परंतु ती मृत्यूनंतरची आहे. शेजारच्या बांगलादेशाने २०१६ मध्ये विजेला राष्ट्रीय आपत्ती घोषित केले व प्रतिबंधक उपाय म्हणून ताडाची झाडे लावण्याचा कार्यक्रम हाती घेतला. भारतात आंध्र प्रदेशाने संवेदकांच्या आधारे इशारे देण्यास प्रारंभ केला. तेथे २४ एप्रिल २०१८ रोजी १३ तासांत ३६,७४९ विजांची नोंद झाली. एवढ्या संख्येवरून इशाऱ्याच्या कामाची व्याप्ती ध्यानात येते.

निष्कर्ष :

१) विजेची चाहूल घेण्याचे मूलभूत तंत्र १८९५ मध्येच सिद्ध झाले होते. ते शेतकरी व मजूर यांच्यापर्यंत पोहोचण्यास लागलेला विलंब प्रामुख्याने प्राधान्यक्रमाचा आहे. यावरून अभ्यासाचे गृहीतक सिद्ध होते.
२) पुणे येथील संस्थेने उभारलेले संवेदकांचे जाळे व ‘दामिनी’ यांनी या इतिहासात प्रथमच उघड्यावर काम करणाऱ्या सामान्य माणसाला केंद्रस्थानी आणले.
३) ट्रान्झिस्टरच्या उदाहरणावरून दिसते की लोकशिक्षणाच्या अभावी हाती असलेले उपकरणही निरुपयोगी ठरते.
४) व्यक्तीच्या खिशातील उपकरणाबरोबर गावाचे उपकरणही आवश्यक आहे. ग्रामपंचायत, शाळा अथवा मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून दिलेला इशारा फोन नसलेल्यांपर्यंतही पोहोचू शकतो.
५) शिवारात ठराविक अंतरावर वीजरोधक बसविलेले पक्के निवारे नसतील तर इशारा अपुरा ठरतो. चाहूल आणि आडोसा यांची योजना एकत्रच व्हावयास हवी.

समारोप :

मराठीत आकाशात कडाडणारी आणि तारेतून येणारी या दोहोंना ‘वीज’ हा एकच शब्द आहे. तारेतील वीज साक्रीच्या पाड्यांपर्यंत नेण्यासाठी खांब रोवले गेले, रोहित्रे बसली, मंडळे व कंपन्या स्थापन झाल्या. कारण ती वीज हा नागरिकाचा हक्क मानला गेला. आकाशातील विजेपासून मिळणारे संरक्षण मात्र अद्याप दैवाच्या किंवा वैयक्तिक सावधगिरीच्या खात्यावर टाकले जाते. संवेदक उपकरणांनी वीज पडण्यापूर्वीची काही मिनिटे माणसाला मिळवून दिली आहेत. त्या मिनिटांत कांद्याचा ढीग झाकणारी बाई, मेंढ्या हाकणारा ठेलारी आणि गुरांमागचे पोर यांना जाण्यासाठी जवळ एक दार असणे, ही विज्ञानाची नव्हे तर समाजाची जबाबदारी आहे.